गेरूची चौकट

नुकतीच पोतारलेली भिंत दिसली की अजून मी नजर फिरवते. दिवाळी जवळ आली की शेजारच्या सूनबाई हौसेने घर रंगवून घेतात आणि मला हाताला धरून दाखवायला नेतात. "काकू, बघा ना, कसं लख्ख दिसतंय!" मी छान म्हणते, घरी येते आणि पाणी पिऊन बसते. तिला काय सांगणार? सांगायला बसलं तर सगळी कुंडली मांडावी लागते, आणि आता माझ्यात तेवढा दम राहिलेला नाही. तरी एकदा मांडतेच.

सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मी वणीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात उपकेंद्रावर नर्सबाई होते. उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, वजनकाटा, औषधांचं कपाट, आणि मागच्या खोलीत मी. नवरा एकलहऱ्याला वीजकेंद्रात, त्याची शिफ्ट ड्युटी. सुट्टी जुळली तर मी नाशिकरोडला घरी जायचे, नाहीतर तो एसटीने धूळ खात माझ्याकडे यायचा. आमचा संसार असा एसटीच्या वेळापत्रकावर चाललेला. पण त्याची मला तक्रार नाही, तेव्हा पुष्कळांचं तसंच होतं.

उपकेंद्रावर माझ्या जोडीला एक हिवताप कर्मचारी होते. मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई म्हणायचे, आणि पाड्यांवरचे लोक त्यांना दादा. नांदगावकडचे, बौद्ध घरातले, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. अंगाने किडकिडीत, जिभेने तिखट. माझी जीभ काही कमी नाही, पण त्यांच्यापुढे मी गप्प बसायचे. सकाळी निघताना चपलेचा अंगठा तुटला की तो शिवत बसायचे आणि म्हणायचे, "बाई, सरकारनं मला सगळं दिलं. पाय तेवढे माझे वापरायला सांगितले."

गावाच्या वर डोंगरात पाच पाडे होते. दर पंधरा दिवसांनी भाऊंनी त्या पाचही पाड्यांवर घरोघर जायचं, दारात उभं राहून कुणाला ताप आहे का ते विचारायचं. असला तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, कडू गोळ्या द्यायच्या, आणि त्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या. काचपट्टी तालुक्याला तपासायला जायची. आणि निघताना भिंतीवर तारीख घालायची. प्रत्येक घराच्या दाराशेजारी, उजव्या अंगाला, गेरूने आखलेली एक लहान चौकट असे. तिच्यात पेन्सिलीने तारीख आणि सही. वरचा साहेब कधी तपासायला आला तर त्याने रजिस्टर बघायचं आणि भिंत बघायची. दोन्ही जुळलं की माणूस खरंच फिरला असं धरायचं.

खालच्या गावात दोन-चार घरं अशी होती, की भाऊंना ओसरीवर चढू देत नसत. पाणी मागितलं तर वरून ओतत. पण चौकटीला कुणी हरकत घेतली नाही, सरकारी काम ना! "बाई, त्या घराची मला शिवता येते अशी तेवढीच जागा," असं ते एकदा म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही. वर पाड्यांवर मात्र तसं नव्हतं. तिथे त्यांना चुलीपाशी बसवत, गुळाचा कोरा चहा देत. नसबंदीच्या त्या धामधुमीनंतर पिशवीवाला सरकारी माणूस दिसला की पाड्यावरचे बाप्ये रानात पसार व्हायचे. मला बघूनसुद्धा पळालेत, बाईमाणूस असून! भाऊंना बघून कुणी पळालं नाही.

शेवटच्या, सगळ्यांत उंचावरच्या पाड्यावर एक बाई राहायची. असेल वीस-बावीसची. तिचा पहिला मुलगा तापाने गेला होता, भाऊंची तिथे नेमणूक व्हायच्या आधी. मग तिला मुलगी झाली. ते बाळंतपण मीच केलं, म्हणून ती मला हक्काने बोलायची. पोरगी दीड वर्षाची झाली आणि एका पावसाळ्यात तिला हुडहुडी भरून ताप चढला. नशिबाने तो भाऊंच्या फेरीचा दिवस होता. त्यांनी वयाच्या मानाने गोळीचा तुकडा मोडला, गुळात कुटला, पोरीचं नाक दाबून तो गिळायला लावला, आणि त्या दिवशी ते परत न उतरता तिथेच राहिले. पोरगी वाचली. तेव्हापासून ती बाई फेरीचे दिवस धरून बसायची. पंधराव्या दिवशी सकाळपासून दारात. भाऊ सांगायचे, "वळणावरून माझी टोपी दिसली की ती पोरीचं तोंड धुवायला घेते. मी काय तिचा मामा लागतो?" पण त्यांना ते आवडायचं, हे न कळायला मी काही दूधखुळी नव्हते.

आणि मग एक दिवस कागद आला.

काटकसरीचा कागद. आमच्या भागात ताप कमी झाला आहे, सबब घरभेटीची फेरी बंद करण्यात येत आहे, ज्यांना ताप येईल त्यांनी उपकेंद्रावर यावे, आणि कर्मचाऱ्याला दुसरीकडे वर्ग करण्यात येईल. यावे म्हणे! शेवटच्या पाड्यावरून उपकेंद्रावर यायचं म्हणजे चांगले अडीच तास उतार, मध्ये नदी, आणि परत जाताना तोच चढ. ज्याने तो कागद टाइप केला, त्याला तापलेलं पोर पाठीशी बांधून एकदा ती वाट उतरायला लावायला हवी होती. भाऊंनी कागद वाचला, घडी करून माझ्यापुढे ठेवला. "ताप कमी झाला म्हणून फेरी बंद. जेवण झालं म्हणून चूल फोडायची, तसं आहे हे." एवढंच बोलले आणि पिशवी उचलून फेरीला निघून गेले. हुकूम लागू व्हायला अजून दोन महिने होते, तोवर ते एकही फेरी चुकवणार नव्हते.

मी मात्र गप्प बसणारी नाही. माझा स्वभावच तसा, नवऱ्याला विचारा. मी निवेदन लिहिलं. नाशिकला कोर्टाबाहेर झाडाखाली टायपिस्ट बसायचे, त्यातल्या एकाकडून ते टाइप करून घेतलं आणि उपकेंद्राचं शिक्क्याचं पॅड घेऊन पाड्यांवर अंगठे घ्यायला गेले. लोक अंगठा द्यायला घाबरले. "बाई, आंगठ्यानं जमीन जायाची न्हाई ना?" एक म्हातारा विचारायचा, मग दुसरा विचारायचा. मी शपथा घेऊन घेऊन थकले. शेवटच्या पाड्यावर त्या बाईने काही न विचारता अंगठा पुढे केला. वर पोरीचाही घ्या म्हणाली. पोरीने शाई चाटली, तोंड निळं करून घेतलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

मग नाशिकच्या मोठ्या ऑफिसचे खेटे सुरू झाले. नेमके चैत्राचे दिवस, वणीच्या गडावर यात्रा, एसटीत पाय ठेवायला जागा नाही. उभ्याने जायचं, ऑफिसच्या बाकावर बसायचं, साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकायचं, उभ्याने परत यायचं. दुसऱ्या खेपेला तिथला कारकून म्हणाला, "बाई, तुम्ही स्वतः सरकारी नोकर. नोकराने सरकारविरुद्ध अर्ज करायचा नसतो."

"विरुद्ध कुठे? सरकारकडेच तर मागतेय."

"मग वरिष्ठांमार्फत मागा."

"वरिष्ठांनी माझ्या कागदावर चहाचा कप ठेवलाय. तो उचलला की मागते."

तो हसला, पण कागद पुढे सरकला नाही. घरी नवरा चिडवायचा. "काय म्हणतंय तुझं हिवताप खातं? मंत्रिपद कधी मिळतंय?" आणि मग हळूच म्हणायचा, अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेव. त्यालाही वाटत असावं की यातून काही निघणार नाही, पण तसं तो कधी बोलला नाही. मी सुट्टीच्या दिवशी घरी पोहोचले की आल्या आल्या झोपायचे. डोळे उघडायचे तेव्हा तो शिफ्टला गेलेला असायचा.

चौथ्या खेपेला साहेब भेटले. खोटं कशाला बोलू, माणूस वाईट नव्हता. चष्मा कपाळावर, डोळे माझ्यासारखेच दमलेले. त्यांनी निवेदन शेवटपर्यंत वाचलं. अंगठ्यांवरून नजर फिरवली.

"बाई, या फेऱ्या खरंच होतात का? निम्म्या ठिकाणी आमचे लोक घरी बसून रजिस्टर भरतात. मला ठाऊक आहे."

मला राग आला. "आमच्याकडच्या भिंती येऊन बघा," मी म्हटलं. "एकेका चौकटीत वर्षाच्या तारखा आहेत. एक चुकलेली सापडली तर मी पुन्हा या दारात येणार नाही."

त्यांनी निवेदनाची घडी केली. मग त्यांनी डायरी उघडली. "ठीक आहे. भिंती बघतो. खऱ्या निघाल्या तर तुमच्या भागाची फेरी चालू ठेवावी अशी शिफारस मी स्वतः करतो. आठ दिवसांनी येतो."

त्या दिवशी मी एसटीत उभी होते हे मला आठवतसुद्धा नाही. फेरी राहणार, भाऊ राहणार, माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं. दुसऱ्याच दिवशी भाऊंना फवारणीच्या कामाला शेजारच्या तालुक्यात आठ-दहा दिवस जाण्याचा हुकूम आला. जाताना म्हणाले, "बरं झालं, मी नाही ते. साहेबाला वाटायला नको की मी लोकांना शिकवून ठेवलंय." मला ते पटलं. तपासणीची तयारी मी करेन म्हटलं. काय तयारी करायची होती? तारखा तर भिंतींवर होत्याच.

मी एकेका पाड्यावर गेले, बायकांना गोळा केलं आणि सांगितलं, "नाशिकहून मोठे साहेब येणार आहेत. तुमच्या भिंती बघायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर दादा कायम येत राहतील. तेव्हा पाडा जरा स्वच्छ ठेवा." हेच शब्द. जसेच्या तसे. पुढे कितीतरी वर्षं मी ते मनातल्या मनात पुन्हा पुन्हा बोलून बघितले आहेत, की यात नेमकं कुठे थांबायला हवं होतं. बायकांनी माना डोलावल्या. त्यातली एक म्हणाली, "काळजी नका करू बाई, भित्ती अशा करू का साहेब बघतच ऱ्हाईल." आणि मी बाई, मी शहाणी, मी तिला शाबास म्हटलं! कसला आनंद झाला होता मला.

साहेब आले त्या दिवशी मी त्यांच्या जीपमध्ये मागे बसले होते. आदल्या दोन दिवसांत खालच्या गावात एक अडलेलं बाळंतपण होतं, त्यामुळे मला वर जायला जमलं नव्हतं. जीप पहिल्या पाड्याशी थांबली, मी उतरले, आणि क्षणभर मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सगळा पाडा पांढरा शुभ्र. कुडाच्या भिंतींवर पांढऱ्या मातीचा ताजा हात, दाराशी तांदळाच्या पिठाची नक्षी, अंगण सारवलेलं, कुठे काडी म्हणून पडलेली नाही. पाड्याचा म्हातारा कारभारी झेंडूची माळ घेऊन उभा. बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीत, चेहऱ्यावर असं हसू, की जणू घरी लग्न आहे.

साहेब पहिल्या घराशी गेले. दाराच्या उजव्या अंगाला वाकून बघितलं. दुसऱ्या घराशी गेले. तिसऱ्या. मग ते वळले. "बाई, चौकट कुठाय?"

मी जवळ जाऊन वाकून बघितलं. सगळं पोतारलेलं होतं. गेरूची एक रेघ कुठे दिसत नव्हती. भाऊंच्या पावसातल्या फेऱ्या, उन्हातल्या फेऱ्या, सगळ्या सह्या बायकांनी साहेबांच्या मानासाठी स्वच्छ बुजवून टाकल्या होत्या. त्यांच्याकडे पाहुणा भिंती बघायला येणार म्हटल्यावर भिंत पोतारायची नाही तर काय करायचं? त्यांचं काय चुकलं?

कारभारी पुढे झाला, हात जोडून. "साहेब, तुमी भित्ती बघाया येनार म्हून बायांनी दोन दिस माती वाहिली. समद्या पाड्यांनी."

"तारीख घालणारा माणूस येतो का इथे?"

"येतो की! दादा येत्यात. लय चांगला मानूस."

"ताप येतो का कुणाला?"

आता पाहुण्याला, तेही एवढ्या मोठ्या, आपल्या दारात आल्या आल्या कुणी रडगाणं सांगतं का? म्हातारा अभिमानाने म्हणाला, "नाय साहेब. तुमच्या पुन्याईनं कुनालाच ताप नाय. समदं झकास हाय."

मी मध्ये पडले. "साहेब, हे लोक तुमचा मान राखून बोलताहेत. ताप आहे. दर फेरीला काचपट्ट्या जातात, रजिस्टर बघा..."

"रजिस्टर टेबलावर बसूनही भरता येतं, बाई. म्हणून तर भिंती बघायच्या होत्या." ते चिडले नव्हते. चिडले असते तर मला भांडता आलं असतं. "तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही. पण मी कागदावर लिहू काय? चौकट नाही, आणि लोक म्हणतात ताप नाही."

दुसरा पाडा तसाच पांढरा, तिसरा तसाच. चौथ्याच्या पुढे जीप जात नव्हती. शेवटच्या पाड्यावर तासाभराची पायवाट होती. मी म्हटलं, "साहेब, एवढा एक पाडा बघा." साहेबांनी घड्याळ बघितलं, वर डोंगराकडे बघितलं. "तिथेही हेच असणार," ते म्हणाले. आणि मीही मनात म्हटलं, हेच असणार. मी फार हट्ट धरला नाही. मला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि त्या पांढऱ्या भिंती आणखी बघायच्या नव्हत्या. म्हातारबाने घातलेली झेंडूची माळ साहेबांच्या गळ्यात तशीच होती. जीप उताराला लागली तेव्हा ती काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

दोन दिवसांनी मी एकटी शेवटच्या पाड्यावर गेले. का गेले ते ठाऊक नाही, बहुतेक त्या बाईला आता दादा येणार नाहीत हे सांगायला. तिचं घर सगळ्यात कडेला. भिंत इतरांसारखीच पांढरी. पण दाराच्या उजव्या अंगाला माती अलगद वळवलेली होती, आणि मध्ये गेरूची चौकट जशीच्या तशी. सगळ्या तारखा. सगळ्या सह्या.

"तू पोतारताना हे कसं ठेवलंस गं?"

"दादानं लिवलेलं हाय ना ते," ती म्हणाली, मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत. "ते कसं पुसू?"

मी तिच्या अंगणात खाली बसले आणि हमसून रडले. तिची पोरगी माझ्या घड्याळाशी खेळत होती. तासाभराची पायवाट! साहेबांना हाताला धरून ओढत आणायला हवं होतं मी.

मी परत नाशिकला गेले. एक भिंत आहे म्हणून सांगितलं. कारकून म्हणाला, पाहणी झाली की परत पाहणी होत नसते. साहेबांची भेट झाली नाही. पुन्हा गेले, तर त्यांची बदली झालेली. मी नव्या साहेबांच्या नावाने नवं निवेदन केलं, जुन्याची प्रत जोडली, नवऱ्याने ठेवायला लावली होती ती. ते कुठे गेलं देव जाणे.

भाऊ फवारणीहून परतले तेव्हा त्यांना सगळं मीच सांगितलं. मला वाटलं हसतील, काहीतरी तिखट बोलून सोडून देतील. ते हसले नाहीत. "बाई, चौकट सोडून पोतारा, एवढं तरी सांगायचं होतं," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "शेवटच्या पाड्यावरची पण गेली का?" मी म्हटलं, मी तिथे जाऊन आले. पण पुढचं सांगायच्या आत माझ्या टेबलाशी बाया मुलं घेऊन आल्या, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत बदलीच्या गडबडीत ते राहूनच गेलं. राहूनच गेलं म्हणजे काय, मला तो विषयच नको होता. ते मालेगावकडे गेले.

फेरी बंद झाली. मी माझ्यापरीने वर जायचे, महिन्याला, दीड महिन्याला, जमेल तसं. शेवटच्या पाड्यावर गेले की ती बाई घरातून पेन्सिलीचा तुकडा आणून द्यायची. भाऊंचाच राहिलेला. मी चौकटीत माझी तारीख घालायचे. तिला तेवढं हवं असायचं.

त्या पावसाळ्यात नदी उतरेचना. बरेच आठवडे मला वर जाता आलं नाही. खाली केंद्रावरही तापाची रांग लागलेली, पण वरच्या पाड्यांवरून कोणी येत नव्हतं. मी स्वतःला समजावत होते की बरं असेल सगळं. मग उघडीप पडली आणि मी गेले.

ती दारात बसली होती. पोरगी दिसेना. मी चौकटीकडे बघितलं. माझ्या शेवटच्या तारखेखाली कोळशाच्या तीन रेघा होत्या.

"हे काय?"

"पंधरा दिस झालं का येक रेघ," ती म्हणाली. "दादा येयाचे तशी." मग तिसऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "हिच्या आदी चार दिस पोरीला थंडी भरली. म्या म्हनलं, फेरीचा दिस आलाच हाय, दादा न्हाय तर बाई यील. चारच दिस तर हायेत."

तिने वाट बघितली. जिच्या दारात भाऊ कधी चुकले नव्हते, ती दोन फेऱ्या कोऱ्या गेल्या तरी नदीच्या पुरात कशाला उतरेल? तिला फेरीवर विश्वास ठेवायला आम्हीच तर शिकवलं होतं. चौथ्या दिवशी कुणी आलं नाही. पाचव्या दिवशी पोरगी गेली.

 मी तिच्याजवळ बसले, तिचा हात धरला. ती रडत नव्हती, तिचं रडून झालेलं होतं. मी उठले तेव्हा तिने आत जाऊन पेन्सिलीचा तुकडा आणला. मी नको म्हटलं. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. मी तारीख घातली. मग ती म्हणाली, "दादाला सांगा, म्या पुसलं नाय."

मी चौकटीतलं सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवून घेतलं. तारखा, तीन रेघा, सगळं. त्याचं निवेदन केलं, आणि त्यानंतर मला वाटतं नोकरी संपेपर्यंत मी निवेदनं करतच होते. ऐंशीनंतर कधीतरी वेगळ्या नावाची वेगळी योजना आली आणि कुणीतरी नवा पोरगा पाड्यांवर फिरू लागला. ते माझ्यामुळे झालं असं मला वाटत नाही. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होते आणि माझे गुडघे गेले होते.

भाऊ मला त्यानंतर एकदाच भेटले, सात-आठ वर्षांनी, नाशिकच्या सीबीएस स्टँडवर. केस पांढरे, हातात नातवासाठी घेतलेला भोपळ्याएवढा चेंडू. आम्हा दोघांनाही इतका आनंद झाला! त्यांची बस लागलेली होती, बोलायला दोन मिनिटं. मला तिचा निरोप आठवला. मी म्हटलं, "भाऊ, शेवटच्या पाड्यावरच्या तिनं चौकट पुसली नव्हती. ती सोडून बाकी भिंत पोतारली होती. तुम्हाला सांगा म्हणाली होती."

ते उभ्या जागी थांबले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बघा! माझं मन मला सांगतच होतं," म्हणाले. "आणि ती पोरगी? शाळेत जात असेल आता."

कंडक्टरने बेल मारली. इतक्या वर्षांच्या नोकरीत रजिस्टरात एक खोटी नोंद केली नाही मी.

"जाते की," मी म्हटलं. "रोज जाते."